अपघात कशाला म्हणायचं

आनंदा,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आठला पाच मिनिटं कमी असताना, मी गेटवरच्या फळ्यावरचं ४११ पुसलं आणि ४१२ लिहिलं.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगता येईल.

फळा तुला ठाऊकच आहे. वर रंगानं कायमचं लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूचा आकडा. कुपवाडच्या आपल्या कारखान्यात टाइम ऑफिस माझ्याकडे, म्हणून मस्टर माझं, स्टोअर माझं, इजांची नोंदवही माझी आणि हा आकडाही माझा. नियम असा, की वहीत अपघाताची नोंद झाल्याशिवाय आकडा शून्यावर आणायचा नाही. तुझी नोंद झालेली नव्हती. साहेब आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, "घाई नको. काय म्हणायचं ते आधी ठरवू." ठरलं नव्हतं, म्हणून अपघात नव्हता, म्हणून दिवस एकानं वाढला. हात सवयीनं चालला असं सांगून मला सुटता येईल. पण तसं झालं नाही. खडू हातात धरून मी थांबले होते. विचार केला, आणि नियमाप्रमाणे लिहिलं.

बाबू लूनावरून आला. तुझ्या शेजारच्या दोन नंबरच्या ग्राइंडरवरचा, तुझ्या डब्यातला रोजचा वाटेकरी. त्यानं गाडी बंद केली. फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, ह्ये काय लिवलंया?"

"अजून नोंद नाही झालेली, बाबू."

"नोंद न्हाई? आवं, काल टेंपोत त्येचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं."

थोड्या वेळानं साहेबांची गाडी आली. त्यांनी काच खाली घेतली, आकडा वाचला आणि म्हणाले, "बरोबर केलंत." शाबासकी अशीही लागू शकते हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर तू जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला असतास, "मेला कवा म्हनायचं, ताई? वहीत आल्यावर?" आणि मी चिडले असते. आपली भांडणं अशीच सुरू व्हायची. तू एक शब्द उचलायचास, उलटा करून बघायचास, आणि मी तो तुझ्या हातातून काढून जागच्या जागी ठेवायचे. मला वस्तू जागच्या जागी लागतात. शब्दसुद्धा.

अपघाताची व्याख्या मीच टाइप केली होती. साहेबांनी सांगितली, मी जाड कार्डावर दोन प्रती काढल्या. एक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली, एक टेबलाच्या काचेखाली सरकवली. 'ज्या इजेमुळे कामगार सलग अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकत नाही, ती इजा म्हणजे अपघात. बाकी सर्व इजा किरकोळ.' स्वच्छ, दोन ओळींत. वादाला जागा नाही. मला फार आवडली होती ती. तिच्यातून आपल्याकडे जी रीत तयार झाली तीही मला तेव्हा सोयीचीच वाटायची. माणसाला लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी रिक्षा पाठवायची, त्याला आणायचं, मस्टरवर सही घ्यायची आणि माझ्या टेबलाशेजारच्या लाकडी स्टुलावर दोन दिवस बसवायचं. माणूस हजर. अठ्ठेचाळीस तास गेले. अपघात नाही. तिसऱ्या दिवसापासून तो खुशाल घरी राहू दे. तुम्ही लोक त्याला 'स्टुलावर जाणं' म्हणायचात. "आज कोन स्टुलावर हाय?" असं आत येता येता विचारायचात, जसं कुणी विचारावं, आज भाजी काय आहे. फळा सुरू झाल्यापासून तो शून्यावर आला एकदाच, ट्रकनं एकाचा पाय मोडला तेव्हा. पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला स्टुलावर बसवता आलं नाही. तोच आपला एकमेव अपघात.

गेल्या पावसाळ्यात तू स्टुलावर आलास. तीन नंबरच्या ग्राइंडरच्या चाकाचा टवका उडून डाव्या डोळ्याच्या खाली लागला होता. पट्टी एवढी मोठी की अर्धा चेहराच दिसत होता, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यानं तू हसत होतास.

"ताई, मी हजर हाय का गैरहजर?"

"हजर. सही कर."

"आन काम काय करू?"

"बस."

"बसायचं काम? लय वर्सांनी सायेब झालो की. कमलला सांगाया पायजे, नवरा खुर्चीवर गेला म्हनून."

"ते स्टूल आहे."

"तिला कुठं दिसतंय?"

मग तू काचेखालचं कार्ड वाचून दाखवायला सांगितलंस. तुला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकला होतास, पण एका डोळ्यानं बारीक अक्षर लागत नव्हतं. मी वाचलं.

"म्हंजी डोळा फुटला, आन मानूस हितं यिऊन बसला, तर फुटला न्हाई?"

"फुटला असेल, पण अपघात नाही."

"मग काय?"

"किरकोळ इजा."

"कुनाला किरकोळ?"

मी तुला सुनावलं होतं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. व्याख्या नसेल तर मी वहीत काय लिहू? कुणाला चटका बसतो, कुणाच्या बोटात कुसळ जातं. सगळ्यालाच अपघात म्हटलं तर खऱ्या अपघाताला काय म्हणशील? रेघ कुठंतरी मारावी लागते. तू मान हलवलीस. तुझी हीच गोष्ट मला कधी पचली नाही, की तू मध्येच मला कबूल व्हायचास आणि मग भलतीकडून यायचास.

"ह्ये मातूर खरं. शब्द पायजेच. शब्दाबिगर काय करनार मानूस? पर ताई, त्यो कोन ठरवतंय, तेवढं बघावं."

आणि तू तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. छप्पन साली तू पहिलीत होतास. तुमच्या घरांना गाव ज्या नावानं हाक मारायचं ते नाव गावानं ठेवलेलं. तुझं स्वतःचं नाव हजेरीत धोंडू. धर्म बदलल्यावर वडील शाळेत गेले, मास्तरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ह्याचं नाव आनंदा लिहा, आणि पुढच्या रकान्यात बौद्ध लिहा. मास्तर म्हणाले, नाव बदलून माणूस बदलतो होय रे? वडील म्हणाले, लिहून तर बघा.

"गाव तेच, घर तेच, भाकर बी तीच," तू म्हणालास. "पर दुसऱ्या दिशी बा पान्याला निघाला तवा ताठ चालत हुता. आय म्हनायची, पाठीत काठी बांधलीया का काय ह्यांनी! शब्दानं पाठ सरळ हुती, ताई. तशी वाकती बी."

मी म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं."

तू म्हणालास, "व्हय का?"

तेवढ्यात फोन वाजला. हे भांडण तिथंच राहिलं. मी तुला 'ते वेगळं कसं' हे सांगणार होते. मुद्दे काढून ठेवले होते, तीन. आता बघितले तर तिन्ही मुद्द्यांत मी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत म्हटली आहे: की मला ते वेगळंच असायला हवं होतं.

दोन दिवसांनी तू उठून कामावर गेलास. पट्टी सुटली. महिन्याभरानं सहज म्हणालास, "डाव्या डोळ्यानं धुकं दिसतंय, ताई. आमच्या पाटणला सकाळचं आसतं न्हवं, तसं. लय दिसांनी गावाकडं गेल्यागत वाटतंय." मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का? तू म्हणालास, "किरकोळ हाय." आणि डोळा मिचकावलास, नेमका डावा. तीनशे पासष्टाव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. पेढा हातात घेऊन तू माझ्याकडं बघून म्हणालास, "मी बी ह्या तीनशे पासष्टात हाय न्हवं?" मी हसले. काय म्हणून हसले, कोण जाणे.

सगळीच भांडणं असली जड नव्हती. आमच्या घरी कांदा, बटाटा, लसूण नाही. जमिनीखाली वाढतं ते खायचं नाही, ही आमची जैनांची साधी व्याख्या. पहिल्याच वर्षी तू माझ्या डब्यात शेंगदाण्याचं कूट बघितलंस.

"शेंग कुठं येती, ताई? झाडाला लागती व्हय?"

"शेंगेचं वेगळं आहे. ती वाळते. ती कंद नव्हे."

"वाळल्यावर वर आली म्हनायची?" आणि बाबूला हाक मारून, "ये गड्या, बटाटा वाळवून बघ, ताईस्नी चालंल."

त्यानंतर आठवड्यातून एकदा तू मला शेंगदाण्याची चटणी आणून द्यायचास. कमल माझ्यासाठी वेगळी कुटायची, लसूण न घालता, खलबत्ता आधी धुऊन. ती चटणी माझ्या घरी सगळ्यांना आवडायची. सासूबाई मागून घ्यायच्या. कुठली म्हणून विचारलं की मी सांगायचे, बाजारातली. नऊ वर्षं मी हे सांगत आले, आनंदा. तू एकदा विचारलंस, घरी आवडती का? मी म्हणाले, फार. एवढंच सांगितलं. तुझ्यापाशी बोलायचं राहिलं त्यात हे सगळ्यात वरचं आहे.

आणि आणखी एक. तुझ्या रजेच्या अर्जावर जन्मसाल बघितलं तेव्हा कळलं, तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी तुला तू म्हणत आले, तू मला तुमी. हे आपल्यात कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आठवत नाही. आता बदलायला जावं तर तुझ्याशी बोलणंच खुंटेल, म्हणून तसंच ठेवते.

गुरुवारचं सांगते.

तीन नंबर ग्राइंडर गेले दोन महिने धडधडत होतं. तू म्हणायचास, "लंगडतंय त्ये." मी म्हणायचे, दुरुस्तीच्या वहीत लिही. तू वही उघडायचास आणि परत मिटायचास, कारण तिच्यात रकाने दोनच: यंत्र चालू, यंत्र बंद. "चालू हाय पर बरं न्हाई, ह्ये कुठं लिवायचं?" असं तू विचारलंस आणि मी म्हणाले, बंद पडलं की सांग.

पाचची घंटा झाली. मी खिडकीशी मस्टर मिटत होते. सुपरवायझर तुला म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलं: "आनंदा, एवढे दोन घासून जा, उद्या सकाळी गाडी भरायचीय." पंपाचे दोन ओतीव तुकडे, त्यांच्या कडा तेवढ्या राहिल्या होत्या. तू मला दोन बोटं दाखवलीस.

"दोनच हायेत, ताई. मस्टर उघडं ठिवा."

"तुझं पाच लिहून झालंय. दहा मिनिटांचं काय एवढं!"

तू हसलास आणि डोळ्यांवर चष्मा ओढलास. हे आपलं शेवटचं बोलणं. मी वेळ वाचवायला रोज पाचला दोन मिनिटं कमी असतानाच सगळ्यांच्या नावापुढं 'पाच' लिहून ठेवायचे. पाच वाजून दहा मिनिटांनी चाक फुटल्याचा आवाज आला. मी घड्याळाकडं बघितलं. अशा वेळी घड्याळाकडं बघणारी बाई आहे मी. मग पळाले. तुकडा छातीत बसला होता. दवाखाना गाठायच्या आत तू गेलास.

शुक्रवारी, फळ्यावरच्या ४१२ नंतर, साहेबांनी मला आत बोलावलं. सोमवारी इन्स्पेक्टर येणार होते. साहेबांनी मसुदा करून ठेवला होता, माझी सही हवी होती. 'पाळी संपल्यानंतर, कोणीही सांगितलेलं नसताना, चष्मा न लावता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

"मस्टर तुमचंच सांगतंय, पद्माताई. सुटला पाचला, झालं दहा मिनिटांनी. कामावरचा अपघात म्हणता येत नाही. व्याख्येत बसत नाही."

मी म्हणाले, "सुपरवायझरनं सांगितलं होतं."

"तुम्ही ऐकलंत?"

मी मसुद्याची कड टेबलाच्या कडेशी सरळ लावली. साहेब शांतपणे म्हणाले, "विचार करा. वहीतल्या सगळ्या किरकोळ इजांखाली सही तुमची आहे. एक उघडलं की सगळं उघडतं." मग म्हणाले, "आनंदाच्या नावावर आधी काय काय आहे ते काढून ठेवा. निष्काळजी होता हे दाखवता येईल."

घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, सासूबाई थकलेल्या, सगळं माझ्यावर. नोकरीची पाच वर्षं उरलेली. कागदाच्या दोन बाजू करून मी सही करण्याची आणि न करण्याची कारणं लिहिली. सही करण्याच्या बाजूला नऊ झाली. दुसऱ्या बाजूला मी फक्त तुझं नाव लिहू शकले, आणि ते कारण होतं की काय, हे मला ठरवता येईना.

शनिवारी वही काढली. तुझं नाव शोधलं. सगळ्या पानांत एकदाच, गेल्या पावसाळ्यातलं. 'डाव्या गालास जखम, किरकोळ, दोन्ही दिवस हजर.' डोळा हा शब्दही मी लिहिला नव्हता. जखम गालावर होती, म्हणून गाल. वही मिटणार, तेवढ्यात उजवीकडचा रकाना दिसला. यंत्र क्रमांक. तीन.

हा रकाना मीच आखला होता. भरतही होते. वाचला कधीच नव्हता. आपली वही माणसांच्या नावानं लावलेली, माणूस काढायचा तर सोपं. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदाच यंत्राच्या नावानं यादी करायला बसले. तीन नंबर: कपाळाला टवका, किरकोळ. तीन नंबर: मनगट, चार टाके, किरकोळ. तीन नंबर: दात. तीन नंबर: भुवई. मग तू. मग आणखी दोघं, दोघंही याच वर्षीची. तीन वर्षांत सात. बाकीच्या चारही ग्राइंडरवर मिळून एक. सगळं माझ्या अक्षरात, वळणदार, खाडाखोड नाही. यंत्र तीन वर्षं ओरडून सांगत होतं आणि मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते. अपघात शून्य आहेत हे मला इतकं पक्कं माहीत होतं की शून्यांची बेरीज करायचं कधी सुचलंच नाही.

त्या सातांतला एक जरी अपघात म्हणून लिहिला असता, तर कुणीतरी बाहेरचं माणूस येऊन त्या चाकापुढं उभं राहिलं असतं. बाकी काही झालं असतं की नाही मला माहीत नाही. पण एवढं झालं असतं.

रविवारी पाटणला आले, तुला गावीच नेलं होतं, कमल आणि मुलगीही तिकडंच होत्या. मलकापूर मागं पडलं, कऱ्हाडला एसटी बदलली, पर्समध्ये ती यादी. तुझ्या अंगणात सगळे बसले होते, वंदना होऊन गेली होती. कमलनं मला आत नेलं. चूल पेटलेली नव्हती, शेजारच्या घरून भाकरी आल्या होत्या. ती रडत नव्हती. माझ्यासमोर उकिडवी बसून म्हणाली,

"ताई, सायेबानी मानूस पाठिवला हुता. म्हनला, काम सुटल्यावर मशिनीला हात लावला, त्येंचीच चूक. मला बाकी काय नगं. पोरगी इच्यारतीया, बाबांची चूक हुती का. तिला काय सांगू?"

तुझी नववीतली मुलगी दारात उभी होती. तुझाच चेहरा, पट्टीशिवायचा.

यादी माझ्या पर्समध्ये होती. ऐकलेलं वाक्य माझ्या कानात होतं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "बघते." कुणी स्टोअरमध्ये हातमोजे मागायला आलं की म्हणते ना, तसं. कमल उठली आणि मला भाकरी वाढली. वर चटणी. बिनलसणाची. ह्या दिवसांत, ह्या घरात तिनं ती कधी कुटली असेल? "तुमास्नी लागती म्हनून," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत मी सही करण्याची नऊ कारणं पुन्हा वाचली. सगळी खरी होती. अजूनही खरी आहेत.

सोमवारी इन्स्पेक्टर आले. साहेबांनी मसुदा पुढं केला. मी आधी मस्टर उघडलं. तुझ्या नावापुढच्या 'पाच'वर एक सरळ रेघ मारली, बाजूला 'पाच दहा' लिहिलं, खाली सही केली. मग इजांची वही आणि तिच्यावर यादी ठेवली. सात ओळी पेन्सिलीच्या, आठवी शाईची. तुझी.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी. आणि त्याला 'दोन घासून जा' म्हटलेलं मी ऐकलंय. चष्मा डोळ्यांवर ओढलेला पाहिलाय."

"वहीत हे सगळं किरकोळ लिहिलंय. तेही तुम्हीच?"

"तेही मीच."

त्यांनी यादीतली एकेक ओळ वहीशी ताडून बघितली. तू असतास तर काहीतरी बोलून हसवलं असतंस. त्यांनी दोन्ही वह्या ताब्यात घेतल्या, तीन नंबर बंद ठेवायला सांगितलं आणि गेले. पुढं काय होणार ते त्यांच्या हातात आहे. माझ्यावरही काही येईल, यायला हवंच. गेटवर जाऊन, शुक्रवारनंतर मी हात न लावलेलं ४१२ पुसलं आणि शून्य काढलं. बाबू लांबून बघत होता. मग लूना ढकलत माझ्याबरोबर आतपर्यंत चालत आला.

कमलला पोस्टकार्ड टाकलं. 'आनंदा कामावर असताना गेला. चूक त्याची नव्हती. पहिली चूक माझ्या वहीतली.' तीन ओळी. मुलगी वाचून दाखवेल. आणि घरी जेवताना सासूबाईंना सांगितलं, चटणी बाजारातली नव्हती, पाटणच्या कमलताईंची होती. त्यांनी ताटात बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "मग आता कुठून आणशील?" ह्याचा अर्थ काय लावायचा, मी अजून ठरवलेलं नाही.

मला कामावरून काढलेलं नाही. साहेब तसं काही करणार नाहीत, काढलं तर त्यालाही काहीतरी नाव द्यावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली होती. फळाही काढून ठेवला आहे, भिंतीवर चार खिळे तेवढे राहिले आहेत. साहेब म्हणाले, "पद्माताई, विश्रांती घ्या. नुसतं हजर राहा." आठला येते, मस्टरवर सही करते, पाचला जाते. काम नाही, वही नाही, कुणी काही विचारत नाही. नोकरी सोडता येत नाही आणि नोकरी म्हणावं असं काही हातात नाही. हे सगळं मी तुला तिथूनच लिहिते आहे. स्टुलावरून.

दरवर्षी मार्चमध्ये सामानाची यादी करताना मी लिहायचे, 'लाकडी स्टूल, नग एक, सुस्थितीत.' नऊ वर्षं लिहिलं. बसून एकदाही बघितलं नव्हतं. त्याचा मागचा डावा पाय आखूड आहे, आनंदा. जरा हललं की माणूस कलतो. भिंतीला हात लावूनच बसावं लागतं, दिवसभर. तू सुजलेला डोळा घेऊन ह्याच्यावर दोन दिवस बसलास, हसलास, वडिलांची गोष्ट सांगितलीस.

टेबल सोडताना काचेखालचं कार्ड तेवढं मी काढून घेतलं होतं. आज दुपारी त्याची चौपदरी घडी घातली आणि आखूड पायाखाली सरकवली. आता हलत नाही.

सांगायचं होतंस.